गेम झटके मारतो म्हणून ग्राफिक कार्ड बदलू का?

भावा, तुझा प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात तुझं असं आहे की मशीन आय५-३४७० सीपीयू, एच६१ बोर्ड, ८ जीबी रॅमची एकच स्टिक, १ टीबी हार्ड डिस्क, २ जीबीचं जीटीएक्स ७५० टीआय ग्राफिक कार्ड, कॅबिनेटसोबत आलेला ४५० वॅटचा एसएमपीएस (मशीनला वीज देणारा डबा) आणि १३६६ बाय ७६८ चा जुना व्हीजीए मॉनिटर. जीटीए फाइव्हमध्ये कोपऱ्यातला एफपीएसचा, म्हणजे सेकंदाला किती फ्रेम येतात त्याचा, आकडा ५५-६० दाखवतो तरी गाडी जोरात पळवली की दर काही सेकंदांनी गेम अडकतो. मित्र म्हणतो सेकंडहँड आरएक्स ५८० कार्ड टाक, सगळं संपेल. बजेट १२ हजार, आणि शनिवारी सिडकोतून एमजी रोडला जाऊन कार्ड घेऊनच यायचं असं ठरलंय.

शनिवारी जाऊ नकोस. निदान कार्ड घ्यायला तरी नको.

मी नाशकात वीसेक वर्षं मशीनं उघडतोय आणि हा प्रश्न दर सुट्टीत येतो, बारावीची परीक्षा संपली की जरा जास्तच येतो. आणि मी स्वतः पण यात एकदा तोंडावर पडलोय. सहा-सात वर्षांपूर्वी सातपूरचा एक मुलगा वडिलांना घेऊन आला, सेम तक्रार, गेम अडकतो. मी मशीन नीट न बघताच त्याला १०५० टीआय लावून दिलं, पोरगा खूश, मी खूश. आठ दिवसांनी परत हजर, काका काहीच फरक नाही हो. मग क्रिस्टल डिस्क इन्फो, म्हणजे डिस्कची तब्येत दाखवणारं सॉफ्टवेअर, चालवून बघितलं तर हार्ड डिस्क पिवळी, पेंडिंग सेक्टर म्हणजे नीट वाचता न येणाऱ्या जागा वाढलेल्या. म्हणजे डिस्क मरायला टेकली होती आणि मी कार्ड विकलं. त्याचे वडील काही बोलले नाहीत, पण त्यांनी ज्या नजरेने बघितलं ते लक्षात आहे. एसएसडी, म्हणजे हार्ड डिस्कच्या जागी बसणारी चिपवाली वेगवान डिस्क, मी त्यांना खरेदीच्या भावात दिली आणि तेव्हापासून कार्ड मागायला आलेल्या माणसाला आधी प्रश्न विचारतो.

तर आता तुझा खरा प्रॉब्लेम. तू लिहिलंयस "एफपीएस कमी पडतोय". नाही पडत. ५५-६० येतायत ना? तुझा त्रास फ्रेम किती येतात याचा नाहीये, त्या सारख्या अंतराने येत नाहीत याचा आहे. ६० फ्रेम म्हणजे एका फ्रेमला साधारण १६.७ मिलिसेकंद. आता समज एका सेकंदात ५७ फ्रेम प्रत्येकी १५ मिलिसेकंदात आल्या, झाले ८५५, आणि ५८ वी फ्रेम उरलेले १४५ मिलिसेकंद खाऊन आली. कोपऱ्यातला आकडा ५८ च दाखवणार, पण तुझ्या डोळ्याला तो १४५ चा धक्का बसला. सीबीएसवरून नाशिकरोडला निघालास आणि द्वारकेला पंधरा मिनिटं अडकलास, बाकी रस्ता मोकळा मिळाला, तर सरासरी स्पीड काढून काय करणार, तुझ्या डोक्यात द्वारकाच राहणार.

त्यामुळे पहिलं काम, तो आकडा बघणं बंद कर आणि ग्राफ लाव. एमएसआय आफ्टरबर्नर टाक, त्याच्यासोबत रिव्हाट्युनर येतं, मॉनिटरिंगमध्ये फ्रेमटाइम निवडून टेक्स्टच्या जागी ग्राफ कर. सोबत सीपीयूचे चारही कोर, जीपीयू (कार्डवरची मुख्य चिप) युसेज, व्हिडिओ मेमरी (कार्डची स्वतःची मेमरी), रॅम आणि दोन्ही टेंपरेचर पण स्क्रीनवर घे. ग्राफची रेघ सपाट पाहिजे, काटा उभा राहिला की त्या क्षणाला बाकीचे आकडे काय म्हणतायत ते बघायचं. ऑनलाइनमध्ये नको, स्टोरी मोडमध्ये कर म्हणजे नेटचा लॅग यात मिसळणार नाही.

आता यातली सगळ्यात कामाची टेस्ट सांगतो, हिला एक रुपया लागत नाही. मशीन रिस्टार्ट कर, गेम लाव, एक लांब रस्ता ठरव आणि फुल स्पीडने एकदा जा. झटके मोज. मग गेम बंद न करता लगेच त्याच रस्त्याने परत तसाच जा. दुसऱ्या वेळी झटके एकदम कमी झाले तर दोष डिस्कचा आहे, कारण पहिल्या फेरीत गेमने तो सगळा भाग डिस्कवरून उचलला आणि दुसऱ्या वेळी तो रॅममध्ये तयार होता. अशा वेळी अजून खुणा दिसतात, कॅबिनेटवरचा लाल दिवा सलग पेटलेला असतो, लांबचा रस्ता आधी धूसर दिसतो आणि मग एकदम साफ होतो, टास्क मॅनेजरमध्ये डिस्क १०० टक्के. जीटीएसारखा गेम अख्खं शहर रॅममध्ये भरत नाही, गाडी पुढे जाईल तसा पुढचा तुकडा डिस्कवरून ओढत राहतो. आणि ७२०० आरपीएमच्या डिस्कला डोकं हलवून एक जागा शोधायलाच दहा-बारा मिलिसेकंद लागतात, म्हणजे जवळजवळ एक अख्खी फ्रेम, आणि तिला एका वेळी असे शेकडो तुकडे मागितले जातात. एसएसडीला तेच काम मिलिसेकंदाच्या दहाव्या भागात होतं. जोरात पळवल्यावरच अडकतो, हे तुझं वाक्य वाचून माझा पहिला संशय डिस्कवरच गेला, पण संशय म्हणजे निदान नाही, टेस्ट करच.

दुसऱ्या फेरीतही तेवढेच झटके आले तर पुढची टेस्ट. रिझोल्युशन एकदम पाडून ८०० बाय ६०० कर आणि तोच रस्ता घे. रिझोल्युशन कमी केलं की कार्डवरचा बोजा कमी होतो, सीपीयूचा होत नाही. झटके जसेच्या तसे राहिले तर कार्ड निर्दोष आहे, नवीन कार्ड आणून काय फरक पडणार? अशा वेळी बहुतेक सीपीयूचे चारही कोर ९५-१०० ला टेकलेले दिसतील, गर्दीच्या चौकात जास्त त्रास होईल, कधी आवाजही तुटेल. मग पॉप्युलेशन डेन्सिटी खाली आण, ॲडव्हान्स्ड ग्राफिक्समधलं एक्स्टेंडेड डिस्टन्स स्केलिंग पूर्ण शून्य कर आणि क्रोम, डिस्कॉर्ड, बाकी सगळं बंद करून बघ. चार कोर चार थ्रेडच्या सीपीयूवर मागे एक अँटीव्हायरस स्कॅन चालू झाला तरी गेमचा एक कोर गेला असं समज. आणि राग येऊ देऊ नकोस पण विचारतो, गेम क्रॅक आहे का? फुकटच्या रिपॅकमधून मायनर, म्हणजे चोरून क्रिप्टो करन्सी काढणारं सॉफ्टवेअर, बसलेली मशीनं माझ्याकडे येतात, गेम बंद असतानाही पंखा ओरडतो आणि टास्क मॅनेजर उघडला की गप्प होतो. तसं काही असेल तर आधी विंडोज साफ टाक, मग बाकीचं बोलू.

गंमत म्हणजे २०१५ मध्ये जीटीए फाइव्ह पीसीवर आला तेव्हा कंपनीने रेकमेंडेड म्हणून जो इंटेलचा सीपीयू लिहिला होता तो हाच, आय५-३४७०, सोबत ८ जीबी रॅम आणि २ जीबीचं जीटीएक्स ६६०. म्हणजे तुझं मशीन या गेमसाठी अगदीच टाकाऊ नाही. पण २०२५ च्या मार्चमध्ये आलेली एन्हान्स्ड आवृत्ती वेगळी, तिला एसएसडी लागतेच असं त्यांनीच लिहिलंय. तू कोणती खेळतोयस ते लिहिलं नाहीस, मी जुनी धरून चाललोय.

मग कार्डचा दोष कधी म्हणायचा? कार्ड नुसतं कमजोर असेल तर गेम बहुतेक एकसारखा हळू चालतो, झटके मारत नाही. जीपीयू ९८-९९ टक्के, एफपीएस ३०, पण रेघ बऱ्यापैकी सपाट. अपवाद व्हिडिओ मेमरीचा. २ जीबी भरली की कार्ड साध्या रॅममधून टेक्श्चर ओढायला लागतं आणि मग कॅमेरा वळवला की झटका. हे तुझ्याकडे नक्की होऊ शकतं. गेमच्या ग्राफिक्स मेनूतच वर मेमरीची पट्टी असते, ती लाल होत असेल तर टेक्श्चर क्वालिटी एक पायरी खाली आण. १३६६ च्या मॉनिटरवर व्हेरी हाय आणि हायमधला फरक तुला शोधूनही सापडणार नाही.

टेंपरेचरचं पटकन सांगतो. पहिली दहा-पंधरा मिनिटं गेम छान आणि मग झटके, असं असेल तर उष्णता. अंबड-सातपूरच्या बाजूची मशीनं उघडली की हीटसिंकमध्ये काळी बारीक धूळ गादीसारखी बसलेली असते, आणि २०१२-१३ ची थर्मल पेस्ट आत्तापर्यंत खडू झालेली असते. ब्रशने साफ कर, नवीन पेस्ट लाव, इंटेलच्या कूलरच्या चारही पिना टक् आवाज येईपर्यंत बसल्यात का बघ. एक पिन सुटी राहिली तरी सीपीयू तापून स्वतःचा वेग पाडतो.

अजून एक फुकटचा उपाय. ६० टिकत नसतील तर हट्ट सोड. ६० हर्ट्झच्या मॉनिटरवर व्ही-सिंक (फ्रेम मॉनिटरच्या ठोक्याला बांधणारी सेटिंग) लावून ४५ एफपीएस आले तर काही फ्रेम एकदा दिसतात आणि काही दोनदा, त्यामुळे आकडा ४५ असूनही चालणं लंगडं वाटतं. त्यापेक्षा रिव्हाट्युनरमधून ३० ला लॉक कर, नाहीतर व्ही-सिंक काढून ५० ला लॉक कर, स्क्रीन थोडी फाटेल पण चाल सरळ होईल. सीपीयूला श्वास घ्यायला जागा मिळते. शूटिंगवाल्या गेमला ३० चालणार नाही हे मान्य, पण गाडी पळवायला लॉक केलेले ३० हे उड्या मारणाऱ्या ५५ पेक्षा बरे, स्वतः करून बघ.

आता मित्राच्या आरएक्स ५८० कडे येऊ. कार्ड वाईट नाही, त्याच्या काळातलं दणकट कार्ड आहे. तुझ्या डब्यात मात्र ते बसत नाही, आणि याचं कारण एसएमपीएस. तुझ्या एसएमपीएसवर ४५० वॅट मोठ्या अक्षरात लिहिलंय, ते वाचू नकोस. बाजूच्या छोट्या तक्त्यात १२ व्होल्टखाली किती ॲम्पिअर लिहिलेत ते बघ, कारण सीपीयू आणि कार्ड दोघं १२ व्होल्टवरच जेवतात. कॅबिनेटसोबत येणारे असे बरेच डबे मी बघितलेत ज्यांच्यावर १४-१५ ॲम्पिअर असतात. १२ गुणिले १५ म्हणजे १८० वॅट. आरएक्स ५८० एकटं १८५ वॅटचं, तुझा सीपीयू ७७ चा, बेरीज २६२. आणि त्या कार्डाला ८ पिनची वायर लागते, ती या एसएमपीएसला असणारच नाही, मग दुकानदार मोलेक्सवरून (जुन्या चार पिनच्या वायरवरून) कन्व्हर्टर काढून देतो. ते कन्व्हर्टर वितळून चिकटलेले मी सोडवलेत, प्लास्टिकचा वास दुकानात दोन दिवस राहतो. घरी ६०० व्हीएचा यूपीएस असेल तर तो पण साधारण ३६० वॅटपर्यंतच ओढतो, गेम चालू असताना लाइट गेली की बीप करायच्या आधीच बसेल.

वर आणि दोन खड्डे. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियम या क्रिप्टो करन्सीचं कार्डवरचं मायनिंग बंद झालं आणि त्यानंतर रात्रंदिवस राबलेली अशी कार्डं सेकंडहँड बाजारात ओतली गेली, त्यातल्या बऱ्याच कार्डांचं बायॉस (आतला मूळ प्रोग्राम) बदललेलं असतं. आणि ५८० च्या नावाने २०४८ एसपीवालं कार्ड पण विकतात, ते आतून ५७० च्या तोलाचं आहे. एसपी म्हणजे शेडर, कार्डातले हिशेब करणारे छोटे भाग, खऱ्या ५८० मध्ये ते २३०४ असतात, जीपीयू-झेड या फुकटच्या सॉफ्टवेअरमध्ये लगेच दिसतं. कोणतंही सेकंडहँड कार्ड घेताना दुकानातच पंधरा मिनिटं फरमार्क (कार्डावर पूर्ण ताण देणारी टेस्ट) चालवायला लाव, पंख्याचा आवाज ऐक, स्क्रूची डोकी घासलेली आहेत का बघ. दुकानदार नाही म्हणाला तर तूही नाही म्हण.

मॉनिटरचं तर कोणी सांगतच नाही. तुझ्या ७५० टीआयला बहुतेक डीव्हीआय-आय पोर्ट आहे म्हणून साध्या जोडणीने व्हीजीए चालतंय. जीटीएक्स १० सीरिजपासून पुढच्या कार्डांना व्हीजीएला लागणारा ॲनालॉग सिग्नलच नाही, आरएक्स ५८० ला पण नाही. म्हणजे नवीन कार्ड लावलंस की एचडीएमआय टू व्हीजीए ॲक्टिव्ह कन्व्हर्टर घ्यावा लागेल, नाहीतर शनिवारी रात्री घरी येऊन काळ्या स्क्रीनकडे बघत बसशील आणि कार्ड खराब निघालं म्हणून दुकानदाराशी भांडशील.

मग पैसे कुठे घालायचे. इथे माझा एक हिशेब आहे, सगळ्यांना पटतोच असं नाही. तुझं मशीन तिसऱ्या जनरेशनचं. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या जनरेशनपासून पुढे चालते. म्हणजे आज ना उद्या बोर्ड-सीपीयू बदलणारच आहेस. म्हणून जी वस्तू पुढच्या मशीनमध्ये सोबत येईल तिच्यावर मोकळ्या हाताने खर्च कर आणि जी इथेच मरणार आहे तिच्यावर चिंधीचोरपणा कर. एसएसडी सोबत येते. चांगला एसएमपीएस सोबत येतो. कार्ड सोबत येतं. डीडीआर३ रॅम आणि ११५५ सॉकेटचा सीपीयू सोबत येत नाही.

त्यामुळे रस्त्याच्या टेस्टमध्ये डिस्क दोषी ठरली तर आधी ५०० जीबीच्या आसपासची साटा एसएसडी, विंडोज आणि गेम दोन्ही तिच्यावर. एच६१ वर जुनं ३ जीबीपीएसचं साटा आहे, त्यामुळे डब्यावरचा ५५०चा वेग तुला मिळणार नाही, २५०-२८० वर अडेल, काळजी करू नको, तुला त्या वेगापेक्षा शोधण्याची चपळाई हवीय आणि ती पूर्ण मिळते. सोबत सेकंडहँड ८ जीबीची डीडीआर३ १६०० स्टिक, तुझ्या बोर्डाला दोनच स्लॉट असतात, दुसरा भरून टाक. एका स्टिकला १२.८ जीबी दर सेकंदाची वाट मिळते, दोन स्टिकना २५.६, शिवाय क्रोम उघडा राहिला तरी जागा उरते. ही स्टिक इथेच मरणार आहे म्हणून नवीन घेऊ नकोस. भाव मी मुद्दाम लिहीत नाही, रॅम आणि एसएसडीचे भाव सध्या इतके पळतायत की आज लिहिलेला आकडा महिन्याभरात खोटा ठरतो.

सीपीयू दोषी ठरला तर जुना आय७-३७७० हा एक मार्ग आहे, तोच सॉकेट, चार कोरचे आठ थ्रेड, आणि चारही कोर भरून अडकणाऱ्या गेममध्ये ते जास्तीचे थ्रेड खरंच जाणवतात. पण मिळाला स्वस्तात तरच. दुकानदार हजारांमध्ये ताणायला लागला तर सरळ उठ, ते पैसे पुढच्या बोर्डासाठी ठेव.

आणि एवढं करूनही कार्ड हवंच असेल, म्हणजे ग्राफवर जीपीयू ९९ किंवा मेमरी भरलेली दिसत असेल, तर स्लॉटमधूनच वीज घेणारं घे. कार्डाचा पीसीआय एक्सप्रेस स्लॉट ७५ वॅट देतो, जीटीएक्स १०५० टीआय आणि १६५० दोन्ही ७५ वॅटची, ४ जीबीची, आणि बऱ्याच मॉडेलना वेगळी वायर लागत नाही. दोघांत मी १६५० घेईन. एनव्हिडियाने ७५० टीआय आणि १०५० टीआयच्या पिढ्यांना गेम रेडी ड्रायव्हर देणं ऑक्टोबर २०२५ पासून थांबवलंय, ऑक्टोबर २०२८ पर्यंत फक्त सिक्युरिटी अपडेट येणार, १६५० त्या यादीत नाही. नवीनच घ्यायचं तर ६ जीबीवालं आरटीएक्स ३०५० पण ७० वॅटचं आहे, ते पुढच्या मशीनला छान साथ देईल, पण बजेटबाहेर जाईल असं वाटतं. आरएक्स ६४०० वॅट कमी खातं म्हणून कोणी गळ्यात मारेल, ते घेऊ नको. त्याला स्लॉटच्या सोळापैकी फक्त चार लेन (डेटा जायच्या वाटा) वापरता येतात, नव्या बोर्डावर ठीक, तुझ्या जुन्या बोर्डावर व्हिडिओ मेमरी भरली की तोच झटक्यांचा खेळ परत. इंटेलचं आर्क तर नावच काढू नकोस, त्याला रिसायझेबल बार, म्हणजे सीपीयूला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी बोर्डाची सोय, लागतं, ते तुझ्या बोर्डाच्या काळात गेमिंग कार्डांसाठी नव्हतंच. आणि कोणतंही नवीन कार्ड घेताना दुकानदाराला बोर्डाचं पूर्ण मॉडेल सांग आणि परत करायची अट बोलून घे, काही जुन्या एच६१ बोर्डांवर बायॉस अपडेट केल्याशिवाय नवीन कार्डाचा डिस्प्लेच येत नाही.

मुंबईत लॅमिंग्टन रोडला स्वस्त मिळतं का असं पण विचारलंयस. मिळतं कधी कधी, पंचवटी एक्सप्रेसने सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येतं, मी पण जायचो. पण एका एसएसडी आणि जुन्या स्टिकसाठी तिकीट, वडापाव आणि अख्खा दिवस धरला तर हाताला काय लागतं ते तूच बघ, आणि वस्तू बिघडली तर परत कोण जाणार. हे सामान नाशकातच घे.

आज रात्री तो रस्ता दोनदा चालव, एकदा ८०० बाय ६०० वर चालव, आणि ग्राफचा मोबाइलने व्हिडिओ काढून ठेव. एसएमपीएसवरच्या तक्त्याचा फोटो पण काढ. क्रिस्टल डिस्क इन्फो पिवळं किंवा लाल दाखवत असेल तर बाकी सगळं सोड आणि आधी कॉलेजचं प्रोजेक्ट, घरचे फोटो जे काय असेल ते पेन ड्राइव्हवर काढून घे, गेम काय परत डाउनलोड होतो.